बारा मायक्रोग्रॅम

दुपारचे अडीच वाजलेत. लेसरच्या खोलीला खिडकी नाही, दिवे मी बंद केलेत, त्यामुळे खोलीला मात्र त्याचा पत्ता नाही. मी टेबलावर दंड टेकवते, दंडावर गाल. कानाजवळ बाबांचं जुनं मनगटी घड्याळ एका चिमट्यात धरलेलं आहे आणि खालचा छोटा मायक्रोफोन त्याची टिकटिक ऐकतो आहे. सेकंदाला पाच ठोके. मी मोजू लागते. चाळीसपर्यंत आकडे नीट एकामागून एक येतात. मग त्रेचाळीस येतो, पुन्हा एकदा त्रेचाळीसच येतो, आणि पुढचे आकडे पाण्यात टाकलेल्या शाईसारखे पसरतात.

"सरक जरा. उजेड अडवतेस."

छबूआत्या शेजारच्या स्टुलावर बसलेली आहे. एका डोळ्यात भिंग, दुसरा मिटलेला. तिला जाऊन तीन वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. ते आत्ता बोलून दाखवणं मात्र बरं दिसणार नाही, म्हणून मी सरकते.

"काय चाललंय, गारगोटे?"

माझं नाव गार्गी. गारगोटी मला एवढी एकच व्यक्ती म्हणायची.

"बाबांचं घड्याळ तपासतेय. चार वाजता सर येतील. मग त्यावर लेसर मारायचा."

"घड्याळावर? त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

मी तिला समजावते. घड्याळाच्या आत बॅलन्सचं चाक मागेपुढे हलत असतं. त्याची एक बाजू किंचितही जड असली, तर घड्याळ कसं धरलंय त्यानुसार त्याची चाल बदलते. जड बाजूवर लेसरचा बारीक ठिपका पाडायचा. तेवढा धातू वाफ होऊन उडतो आणि तोल सुधारतो. एका ठिपक्याला दोन मायक्रोग्रॅम. आमच्या प्रयोगशाळेत सध्या हेच चाललंय.

"आणि जास्त उडाला तर?"

"परत लावता येत नाही."

"हं," ती म्हणते. "कानसही अशीच असते."

आता समोर रस्ता आहे. आम्ही कऱ्हाडला घराच्या पुढच्या खोलीत, तिच्या दुकानात बसलो आहोत. काचेच्या पेटीत खोललेली घड्याळं आहेत, त्यांचे भाग धुवायच्या पेट्रोलचा वास आहे. आत्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चार घड्याळं बांधलेली. दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ तीन दिवस तिच्या हातावर राहायचं. ती भाकरी थापायची, धुणं धुवायची, झोपायची, सगळं त्यांच्यासकट. पाण्यात हात घालायच्या आधी फक्त ती कोपराच्या वर सरकवायची. गल्लीतली सगळी मुलं तिला मुद्दाम वेळ विचारायची. मीही विचारते.

"आत्या, किती वाजले?"

"कुणाचे सांगू? पोस्टमास्तरांचे, की गुळवणी वकिलांचे?"

मी दहा वर्षांची असताना जितकी हसायचे तितकीच हसते. मग तिच्या डाव्या हाताकडे माझं लक्ष जातं. चिमटा डाव्या हातात आहे. अर्थात. ती डावखुरी, म्हणून घड्याळं उजव्या हातावर. हे मी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ मला आज सकाळी साडेदहाला, एका आलेखावरून कळला.

"आत्या, मला तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"बाबांचं घड्याळ बरोबर होतं."

ती भिंग काढते. डोळ्याभोवती लाल वर्तुळ उमटलेलं आहे.

"ते मी तेव्हाच सांगितलं होतं. माझ्या हातावर तीन दिवस एक सेकंद हललं नाही."

"आणि बाबांच्या हातावर ते रोज मागे पडत होतं. तेही खरं होतं."

आम्ही स्टेशनच्या बाकावर आहोत. सकाळ, धुकं. मिरजेची पॅसेंजर निघाली आहे. तिचा शेवटचा डबा अजून दिसतो. बाबा तरुण आहेत, हातात डब्याची पिशवी आहे, आणि ते अजिबात धावत नाहीत. शांतपणे चालत येतात, मनगटाकडे बघतात, गाडीकडे बघतात, पुन्हा मनगटाकडे बघतात. मिरजेच्या दवाखान्यात आजीला त्या सकाळी ऑपरेशनला नेणार होते. त्याआधी तिला मुलगा डोळ्यांसमोर हवा होता. बाबा दुसऱ्या गाडीने पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं. ती शुद्धीवर आली नाही.

"आई दाराकडे बघत होती," आत्या म्हणते. "मी सांगत होते तिला, दिगू वाटेत आहे, दिगू वाटेत आहे. आणि हा आला तो मला म्हणतो, तुझ्या घड्याळाने घात केला."

"डाव्या हातावर घड्याळाची चावी खाली येते, आत्या. हात सोडला की ती जमिनीकडे. उजव्या हातावर ती वर राहते. चावी वर असताना हे घड्याळ एक सेकंदही चुकत नाही. चावी खाली असताना दिवसाला एकतीस सेकंद मागे पडतं. रात्री टेबलावर सपाट असतं, ते धरून बावीस. तू ते तुझ्या हातावर जुळवलंस. चाकाचा तोल बघितला नाहीस."

ती ओठ मिटून हिशेब करते. दुकानात करायची तसाच, बोटांवर.

"बावीस सेकंदांनी गाडी चुकत नाही."

"महिन्यात अकरा मिनिटं होतात."

"महिनाभर? रेडिओशी लावायचं नाही होय माणसाने? तेव्हा सात वाजता टोले कुणासाठी देत होते?"

"माझी आई रोज म्हणायची त्यांना. ते म्हणायचे, छबूताईने दुरुस्त केलंय, ते रेडिओला कशाला विचारू."

गाडीचा शेवटचा डबा धुक्यात तसाच उभा आहे, जातही नाही, येतही नाही.

"हे मला कुणी सांगितलं नाही," आत्या म्हणते.

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर दहा वर्षं ती दोघं एका घरात राहिली आणि एकमेकांशी बोलली नाहीत. 'गार्गी, आत्याला सांग, विजेचं बिल आलंय.' 'गारगोटे, तुझ्या बापाला सांग, ताक घेतलं नाही त्याने.' दोघंही समोरच बसलेली असायची. मी सांगायचे. पण जे निरोप मला कुणी दिले नाहीत, ते मी कुठून पोचवणार?

"किती जास्त आहे ते?" ती विचारते. "चाकाची ती बाजू. वजनाने."

"बारा मायक्रोग्रॅम. सहा ठिपके."

"म्हणजे केवढं, ते सांग."

"मिठाचा एक कण घे. त्याचे पाच भाग कर. त्यातला एक."

तिला हसू येतं. आधी नाकातून, मग खांदे हलतात, मग ती पदराने डोळे पुसते. "बघ. आणि एवढ्यासाठी तुला शाळेतून आल्या आल्या आमचं टपाल वाटायला लावलं."

"मग चार वाजता उडवू ते?"

"घड्याळ कुणाचं आहे?"

"बाबांचं. तेच म्हणाले, ते ने, बिघडलेलंच आहे."

"मग मला काय विचारतेस? मी गेलेय, बाई."

बाकामागे पिवळ्या पाटीचं टेलिफोनचं खोपटं आहे. आत दोघींना जेमतेम जागा. तिच्या साडीला त्या पेट्रोलचा वास आहे. ती डाव्या हाताने नंबर फिरवते, न अडखळता, आणि रिसीव्हर माझ्या डाव्या हातात देते.

"मला या हाताने सुचत नाही, आत्या."

"त्या हाताने काय दिवे लावलेस आजवर? बोल. पहिल्यापासून सांग, आणि आकडे जरा हळू. त्याला आकडे पटकन कळत नाहीत."

मी बोलू लागते. चावी वर. चावी खाली. टेबलावर सपाट. ती काचेपलीकडे उभी राहून मान डोलावते आहे, आणि काच हळूहळू काळी होते.

खोलीत अंधार आहे. टिकटिक चालू आहे. माझा गाल दंडावर आहे आणि डाव्या हातात मोबाइल. तो डाव्या कानाला इतका घट्ट लागलाय की कान दुखतो. मी कधी या हाताने फोन धरत नाही. बाजूला घेऊन बघते. 'बाबा'. सहा मिनिटं चौदा सेकंद. पंधरा. सोळा.

"गार्गी?"

"हो, बाबा."

"झोपेत बोलत होतीस का?"

"बहुतेक. तुम्ही किती ऐकलंत?"

"सगळं. मिठाच्या कणापर्यंत." ते घसा साफ करतात. "आणि रेडिओचं. ते तिला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कुणी सांगितलं नाही मला."

मी फोन ठेवत नाही, तेही ठेवत नाहीत.

"लेसर मारलास त्याला?"

"अजून नाही. घड्याळ तुमचं आहे. पण सहा ठिपक्यांत सुधारेल, बाबा. मग कुठल्याही हातावर सारखंच चालेल."

"उजव्या हातावर चुकत नाही म्हणालीस ना?"

"नाही चुकत."

"मग नको मारूस. सरांना दुसरं घड्याळ दे," बाबा म्हणतात. "हे घेऊन ये. मी उजव्या हातात घालीन."