एका परकरात दोघी

आम्ही दोघी जुळ्या. मी अकरा मिनिटांनी थोरली, म्हणून ती मला आक्का म्हणते. पलूसजवळच्या आमच्या गावात लोक आम्हाला माझ्या हनुवटीवरच्या व्रणावरून ओळखायचे. बाकी सगळं सारखं. निदान मी तसं समजत होते.

चार वर्षांपूर्वी साताऱ्याचा एक तरुण दिग्दर्शक आमच्या घरी आला. त्याला सिनेमा करायचा होता. कंबरेला चिकटून जन्मलेल्या दोन बहिणी, त्यातल्या धाकटीवर गावातल्या एका मास्तराचा जीव जडतो, आणि थोरलीला ते सगळं शेजारी बसून बघावं लागतं. त्यासाठी त्याला खऱ्या जुळ्या हव्या होत्या. आमचे वडील, आण्णा, फौजेतून रिटायर झालेले. ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "दोघी संगं असशिला तर जावा."

सिनेमाची हौस मला. शाळेच्या गॅदरिंगला मी नाचायचे आणि ही पडदा ओढायची. त्यामुळं धाकटीचं काम मलाच मिळणार, यात मला शंका नव्हती. दिग्दर्शकानं आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून दोघींकडून तीच चार वाक्यं वाचून घेतली. मी हातवारे करून वाचली. तिनं खाली बघून वाचली.

"धाकटी तुम्ही करा," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुम्ही थोरली. तुमचं ऐकणं चांगलं आहे."

"म्हंजे मला बोलायचं न्हाई?"

"आहे की. थोडं आहे."

अख्ख्या सिनेमात मला नऊ वाक्यं होती.

माझं पलूसला शिलाईचं दुकान आहे, म्हणून कपडेही माझ्याकडेच आले. एका परकराला दोन कंबरा आणि आत रुंद पट्टा, ज्यानं आम्हाला एकमेकींना बांधायचं. तिच्या बाजूची नाडी मी आखूड ठेवली, तिला काचेल अशी. मुद्दाम ठेवली, हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

कृष्णेकाठच्या एका घरात वीस दिवस शूटिंग चाललं. सकाळी पट्टा बांधला की जेवायलाच सुटायचा. पहिल्या दिवशी आम्ही उंबऱ्यावरच आपटलो. तिसऱ्या दिवसापर्यंत चालायला जमलं. सारखा पट्टा सोडायला नको म्हणून पाणी कमी प्यायचो. दिवस मावळताना कंबरेवर लाल वळ उठलेले असायचे, दोघींच्याही, अगदी एकाच जागी.

आवाज रेकॉर्ड करणारा माण तालुक्यातला होता. कमी बोलणारा. माईक लावताना तो मान दुसरीकडे वळवायचा आणि बोट न लागू देता क्लिप अडकवायचा. तेवढ्यावरून तो मला आवडायला लागला. पण आमच्या दोघींत माईक एकच, आणि बोलायचं होतं तिला, म्हणून तो तिच्याच झंपराला लागायचा. "जरा बोला," तो म्हणायचा. ती काहीबाही बोलायची, आणि हा हेडफोनवर डोळे मिटून ऐकत राहायचा. मी वीतभर अंतरावर. मला कुणी बोला म्हणत नव्हतं.

बाराव्या की तेराव्या दिवशी मुख्य सीन आला. मास्तर घरी येतो आणि धाकटीला म्हणतो, "मला फक्त तुमच्याशी बोलायचं होतं." मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचं. मी बघत होते. ती बोलायला लागली तशी सगळी माणसं तिच्याकडंच बघायला लागली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला तो आवाजवाला दिसला, डोळे मिटलेला. परकराच्या घोळाआडून मी तिच्या बरगडीत कोपर मारलं.

ती अडखळली. दिग्दर्शकानं पुन्हा घ्यायला लावलं. मी पुन्हा मारलं. असं चार वेळा झालं.

"काय होतंय तुम्हाला?" दिग्दर्शक वैतागला.

"मीच इसरतीय, सर," ती म्हणाली.

त्यानं दहा मिनिटं थांबायला सांगितलं. माणसं चहाला बाहेर गेली. आम्ही तशाच बांधलेल्या बसून राहिलो.

"येत न्हाई तर सांग की तसं," मी दात आवळून म्हणाले. "मी एका दमात केलं असतं. तोंड बघ तुजं, लाकडागत."

ती बरगडी चोळत होती. "आक्का, तू का करतीयास ते मला ठावं हाय. ते काम तुलाच पायजे हुतं. पयल्याच दिशी मी सरांस्नी म्हणलं हुतं, आक्काला द्या म्हणून."

"मग?"

"न्हाई म्हणले."

तिनं ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. पण माझ्यासाठी तिनं मागितलं आणि तरी मला मिळालं नाही, हे माझ्या जास्त जिव्हारी लागलं. तिनं मला उलट चिमटा काढला असता तर मी तिला तिथंच मिठी मारली असती.

मग माझं लक्ष गेलं. माईक चालू होता. दाराशी तो हेडफोन लावून बसलेला. त्यानं हेडफोन उतरवला आणि वायर गुंडाळायला लागला.

त्यानंतर मी हललेसुद्धा नाही. तिनं सीन एका दमात केला. खिडकीबाहेर बघताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, खरं पाणी, आणि मनात आलं, आता बघा म्हणावं थोरलीचं काम.

सिनेमा साताऱ्याच्या एका छोट्या हॉलमध्ये दाखवला. तो सीन आला तेव्हा मी पुढं सरकून बसले. पडद्यावर तिचा चेहरा लख्ख होता. माझा मागं पुसट, पाणी तर सोडाच, नाकडोळेही कळत नव्हते. सिनेमा सुटल्यावर एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, त्या मास्तरासमोर काय बोललीस गं. रडवलंस मला." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. "थँक्यू," म्हणाले, आणि बहीण ऐकत नाही ना, ते बघून घेतलं.

सहा महिन्यांनी माणहून त्या आवाजवाल्याच्या घरची माणसं आली, तिला मागणी घालायला. आईला आनंद झाला. बहीण सरळ माझ्या दुकानात आली.

"आक्का, तू न्हाई म्हण, मी न्हाई म्हणीन."

मी मशीन थांबवली नाही. "व्हय म्हण की. मला काय करायचंय?"

ती तिथंच उभी राहिली. मी तिच्याकडं बघितलं असतं तर ती खरंच नाही म्हणाली असती, म्हणून बघितलं नाही. माझ्या आयुष्यातलं तेवढं एक चांगलं काम, तेही मी पाठ फिरवून केलं.

आता ते दोघं साताऱ्यात राहतात. वर्षातून दोनदा मी जाते. त्या घरात मी आणखी वेगळी जळते. आधी वाटायचं, तिला तो मिळाला. हल्ली वाटतं, त्याला ती मिळाली. ती स्वयंपाक करताना तो नुसता दाराला टेकून उभा राहतो. तिचं चालू असतं, आणि तो ऐकतो. चोवीस वर्षं ते सगळं माझ्या कानाशी होतं, आणि मी धड ऐकलं नाही.

गेल्या खेपेला ती बाजारात गेली होती. मी त्याला विचारलंच. "त्या दिवशी तुमी समदं ऐकलं हुतं न्हवं?"

"ऐकलं, आक्का."

"मग माझ्याबद्दल काय वाटलं?"

तो जरा ओशाळला. "तुमच्याबद्दल न्हाई कळलं काय. ती कसं बोलली ते ऐकलं. तवाच ठरवलं."

म्हणजे मी कोपर मारलं नसतं, तर ती कदाचित अजून माझ्याजवळ असती.

दुसऱ्या दिवशी ती मला स्टँडवर सोडायला आली. गाडी लागलेली नव्हती, बराच वेळ होता. त्यानं काय सांगितलं ते तिला सांगावं असं दोनदा तोंडाशी आलं. पण मला माहीत होतं, ती हसली असती आणि मला माफ करून मोकळी झाली असती. तेवढं मला अजून झेपत नाही. गाडी लागली तशी मी तिला पाण्याची बाटली आणायला पाठवलं आणि ती येईपर्यंत गाडीत जाऊन बसले.