बर्फात घातलेलं रक्त

मिरकरवाड्याच्या बंदरावर हुसेनचाचांनी भरलेली माशांची पेटी मुंबईत कधी नासली नाही. माणूस तसा अबोल, पण बर्फाचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही. सुरमईला किती चुरा, पापलेटला किती, लांबच्या मालाला खडेमीठ कुठल्या थरात, हे ते नमाजाला निघालेल्यालाही वाटेत अडवून सांगत.

त्यांची एकुलती एक मुलगी महरीन कॉलेजात होती. पावसाळ्यानंतर तिचे पाय बधिर होत गेले. भिंत धरल्याशिवाय चालवेना, अंगात रक्तही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "शरीरात तांबं कमी पडलंय असा संशय आहे. आधीची तपासणी धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. लाल पेशींतलं तांबं मोजलं तर कळेल. अंदाजाने औषध देणार नाही, जास्त झालं तर यकृतावर जातं. पण नमुना आजच घ्यायला हवा. उद्या बाहेरचं रक्त चढवलं की परक्या पेशी मिसळतील. मग तीन-चार महिने या तपासणीला अर्थ नाही."

तपासणी मुंबईत होणार होती. इथल्या लॅबमधल्या शमिकाने मुश्किलीने शीर शोधली, नळी भरली आणि थर्माकोलच्या डब्यात ठेवली. चाचा म्हणाले, "आमची मच्छीची गाडी सांजच्याला सुटतेय. पोरीचा रक्त दुसऱ्याच्या हातात कशाला?" तिलाही ते पटलं. "थंड राहू द्या हां, चाचा," ती म्हणाली.

सांगत होती तरी कुणाला! बंदरावर चाचांनी डबा उघडला, तर आत गार पाण्याच्या दोन इवल्याशा पिशव्या. त्यांना हसू आलं. यापेक्षा बांगडा नशीबवान म्हणायचा. पिशव्या काढून त्यांनी बर्फाचा बारीक चुरा भरला, वर मूठमूठ खडेमीठ घातलं आणि नळी मधोमध दाबून बसवली. मिठाने बर्फाचा गारठा वाढतो, हे बंदरावर शेंबडं पोरही सांगेल. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी झाकण लावलं. इतक्या मायेने त्यांनी उभ्या जन्मात पेटी भरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी महरीनला रक्त चढलं, गालांवर थोडा रंग आला. आणि दुपारी शमिकाचा फोन आला. मुंबईत पोचेपर्यंत नळीतलं रक्त गोठून दगड झालं होतं. वितळलं तेव्हा लाल पेशी फुटून गेल्या होत्या, आता मोजायला काही शिल्लक नव्हतं. "चाचा, गोठवू नका एवढं मी बोलायला हवं होतं," म्हणत ती पोर रडायलाच लागली.  

चाचा धावत डॉक्टरांकडे गेले. "साहेब, माझा रक्त काढा. बापाचाच हाय ना!"

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं. दुसऱ्या वाटा शोधू, ते म्हणाले, पण तोवर पायांतली ताकद किती जाईल आणि त्यातली किती परत येईल, हे सांगता येत नाही. चाचांना वाटलं, कुणाच्या तरी अंगावर धावून जावं. पण जायचं कुणाच्या?

वॉर्डाच्या दाराशी चपला काढून ते आत गेले. महरीन खाटेच्या कडेला बसली होती.

"अब्बा, आज मना बरा वाटतंय. रिपोर्ट आयला?"

"येल," ते म्हणाले. 

त्यांचा हात धरून ती उठली. "बघा, उभी राहिली मी!"

ती त्यांच्या पायाच्या बोटांवर उभी होती. तिला ते कळलंच नव्हतं. चाचांनी पाय काढून घेतला नाही.