कडू लागलं असतं तर

माझी मावशी जिभेवर पोट भरते. म्हणजे भांडून नव्हे, जरी त्यातही ती कुणाला हार जायची नाही. तिची नोकरीच चव घेण्याची आहे. दुधाची भुकटी बनवणाऱ्या कारखान्यात, पांढऱ्या बिनवासाच्या खोलीत, ती आणि आणखी काही बायका लहान कपांतून घोट घेतात, तोंडात घोळवतात, थुंकतात आणि किती कडू ते सांगतात. नियम सासूपेक्षा कडक. अत्तर नाही, वासाचा साबण नाही आणि सकाळच्या पाळीआधी चहासुद्धा नाही, कारण जीभ कोरी हवी. त्यामुळे लग्न झाल्यापासून काकांनी सकाळचा चहा एकट्यानेच प्यायलेला.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकानातला भागीदार त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. तो अचानक गेला आणि काकांनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. विचारलं तर ‘हं’, नाही विचारलं तर तेही नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण फरक जेमतेम अंघोळीला उठण्याइतका. "माणूस घरात आहे आणि नाहीही, असं झालंय गं," मावशी मला म्हणायची. त्यांनी पुन्हा तिच्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

त्याच सुमारास इस्पितळात एक चाचणी सुरू झाली. भुकटी मावशीच्याच कारखान्याची. दुधातलं प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. ती तोडली की थोड्या थोड्या मण्यांचे तुकडे पडतात, त्यांना पेप्टाइड म्हणायचं. आपल्या पोटातही असे तुकडे होतच असतात. त्यातले काही आतड्यातल्या नसांमार्फत मेंदूला निरोप धाडत असावेत आणि त्यानं मन थोडं शांत होत असावं, असा संशोधकांचा अंदाज. उंदरांमध्ये थोडंफार तसं दिसलं होतं. माणसांबद्दल छातीठोकपणे कुणीच काही सांगत नव्हतं, आणि चाचणीच्या डॉक्टरीणबाईंनीही ते लपवलं नाही. निम्म्या लोकांना खरी भुकटी, निम्म्यांना नुसती दुधाची. कुणाला कुठली, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. हे तुकडे चवीला भलतेच कडू, म्हणून दोन्हींत साखर आणि व्हॅनिला सढळ हातानं घातलेला. मावशीनं काकांचं नाव चाचणीत घातलं, तेव्हा तिची नोकरी ऐकून बाईंनी तिला बजावलं, "तुम्ही यातलं काही तोंडात घालायचं नाही. त्यांनीच मिसळायचं, त्यांनीच प्यायचं. तुम्ही फक्त समोर बसून कप संपला की नाही ते बघा."

पुडी रोज सकाळी घ्यायची होती, म्हणून समोर बसता यावं यासाठी मावशीनं दुपारची पाळी मागून घेतली. काका पुडी ढवळत, ती चहा पीत बसे.

आणि पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. रिकामा कप धुवायला उचलताना चमचा तिच्या तोंडात गेला. घरातलं खोकल्याचं औषधसुद्धा ती आधी चाखते. हाताला लागेल ते जिभेवर टेकवायची तिला खोडच लागलीय. व्हॅनिला लागला, साखर लागली, दूध लागलं. त्यांच्यामागे शोधलं तर काही नाही. कडूपणाचा पत्ताच नव्हता.

"त्यांना नुसतं दूध मिळतंय गं," ती मला येऊन म्हणाली. तिला रडू आवरेना. मी सांगून टाक म्हणाले, पण सोपं असतं ते सांगायला माझं काय जात होतं?

मावशीला ते जमेना, कारण एव्हाना काका हळूहळू बोलायला लागले होते. आधी तिच्या चहाला नावं ठेवली. मग तिच्या साहेबांची चौकशी केली. एक दिवस माझ्या घरी येऊन त्यांनी माझं धडधाकट शिलाई मशीन पूर्ण खोलून ठेवलं. मावशी ऐकून हसली आणि रात्रभर तळमळली. पुडीतलं सत्य कळलं तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळेल, ही भीती तिला खात होती. शेवटी तिनं डॉक्टरीणबाईंना गाठून सगळं कबूल केलं.

त्या रागावल्या नाहीत. "त्यांचे निकाल मला बाजूला ठेवावे लागतील," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना अंधारात ठेवता येणार नाही. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगते."

धीर यावा म्हणून तिनं मला सकाळी बोलावून घेतलं. मी मटार सोलत बसले. काका पुडी ढवळत होते. मावशीचा चहा तसाच निवत होता.

"अहो, त्या पुडीत काही नाही," ती एकदाची म्हणाली. "नुसतं दूध आहे. मी चमचा चाटला होता."

काकांनी चमचा बशीत ठेवला. "माहीत आहे मला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू चाटलास तेव्हा बघत होतो मी. कडू लागलं असतं तर तुझा चेहरा खुलला असता. तो पडला."

"मग इतके दिवस मुकाट्यानं पीत का राहिलात?"

काकांनी कप बाजूला सरकवला. मावशीनं टेबलाची कड घट्ट धरली. मलाही वाटलं, झालं, आता उठून खोलीत जातात.

"पुड्या बंद झाल्या असत्या," ते म्हणाले, "तर तू दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पाळीला गेली असतीस."

मावशी रडली. काकांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी तिचा गार चहा उचलून गरम करायला ठेवला.

त्या भुकटीचं पुढे काय ठरलं म्हणाल, तर वाद अजून चालू आहे. काहींना थोडा उपयोग झाला, काहींना नाही. काकांच्या गोळ्या चालू आहेत आणि दुकान आठवड्यातून दोनदा उघडतं. कारखान्यातल्या साहेबांनी मावशीला पुन्हा सकाळी यायला सांगितलं, कारण सकाळी जीभ सगळ्यात तल्लख असते.

"असेल," मावशी म्हणाली. "पण सकाळी मला घरी बोलायचं असतं."