अस्मारा आणि अदिसच्या मधली माझी शेजारीण

जवळ ये गं जरा. कागदावरच का होईना, पण ये, तुझा कान धरायचाय. परवा फोनवर मी तुला बातमी सांगत होते. आफ्रिकेतल्या एका देशाचे अध्यक्ष शेजारच्या देशात गेले, सलामी झाली, करार झाले. तर तू म्हणालीस, “मावशी, त्यांचं ते बघतील, आपल्याला काय त्याचं?” आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिलास. तिकडे न्यू जर्सीत एवढी शिकलीस, मोठ्या ऑफिसात बसतेस आणि असं बोलतेस? असं बोलू नये बाळा. का नये, ते सांगते.

खरं सांगायचं तर पूर्वी मीही तशीच होते. इथे टेक्सासात अर्विंगला आम्ही अपार्टमेंटमध्ये राहायचो तेव्हाची गोष्ट. खालच्या लाँड्री रूममध्ये मी पहिल्यांदा एकटी कपडे धुवायला गेले आणि मशीनमध्ये अर्धी बाटली साबण ओतला. फेस दारापर्यंत! मी पदर खोचून हाताने फेस गोळा करतेय, तेवढ्यात एक उंच, काळीसावळी बाई आली. मशीन बंद केली, मॉप आणला आणि माझ्यासोबत पुसायला लागली. मग दोघी हसत सुटलो. ती आमच्या वरच्या मजल्यावरची. विमानतळाच्या किचनमध्ये प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरायची. माझ्या मुलाचे मित्र मला काकू म्हणतात ते ऐकून तीही काकू म्हणायला लागली. दोघींचंही इंग्रजी लंगडं, पण दोन लंगड्या एकमेकींच्या आधाराने बऱ्या चालतात.

रविवारी ती मला कॉफीला बोलवायची. कॉफीच्या हिरव्या बिया तव्यावर भाजायची आणि हटकून स्मोक अलार्म वाजायचा. मग मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवायचा, हे ठरलेलंच. तीन कप प्यायल्याशिवाय उठू द्यायची नाही. आणि कॉफी झाली की ती दोन फोन करायची. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

पहिला फोन आईला, अदिस अबाबात. दुसरा वडिलांना, अस्मारात. आई इथिओपियाची, वडील मूळचे एरिट्रियाचे. संसार अदिसमध्ये, अंगणात लिंबाचं झाड असलेलं वडिलांनी बांधलेलं घर. ही शाळेत असताना दोन्ही देशांत लढाई पेटली. वडिलांना ‘तू तिकडचा’ म्हणून बसमध्ये घातलं आणि सीमेपार सोडलं. आई मागे राहिली. नंतर लढाई थांबली, पण वैर काही थांबलं नाही. विमान नाही, रस्ता नाही, दोन देशांच्या मधे साधा फोनसुद्धा लागायचा नाही. वीस वर्षं! टेक्सासहून मात्र दोन्हीकडे लागायचा.

तू विचारशील, कॉन्फरन्स कॉल का नाही केला? केला होता. अस्माराची लाइन इतकी खरखरायची की दोघं नुसतं हॅलो हॅलो करत बसायचे. शेवटी हीच निरोप्या झाली. त्याचं तिला सांगायचं, तिचं त्याला.

आता गंमत बघ. गंमत कसली म्हणा. मधल्या काळात आईने ते घर विकलं होतं. एकटीला जमेना, भाड्याच्या खोलीत राहायला गेली. लेकीला म्हणाली, “इतक्यात सांगू नकोस त्यांना.” आणि तिकडे वडिलांची नजर गेली, साखरेमुळे. तेही म्हणाले, “इतक्यात सांगू नकोस तिला.” ते ‘इतक्यात’ चार-पाच वर्षं चाललं. वडील दर रविवारी विचारायचे, लिंबं किती आली? ही सांगायची, यंदा खूप आली बाबा, शेजारी वाटली. आई विचारायची, पेपर वाचतात का अजून, काय म्हणतात? ही आदल्या रात्री बातम्या वाचून ठेवायची आणि वडिलांच्या तोंडी घालायची. मला एकदा म्हणाली, “काकू, या वर्षी पाऊस कमी झालाय तिकडे. लिंबं कमी सांगू का?” मी म्हटलं, “सांग थोडी कमी. खरं वाटायला हवं.” म्हणजे बघ, मीही त्यात सामील.

मग दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात एक दिवस टीव्हीवर दाखवलं. इथिओपियाचे पंतप्रधान विमानातून अस्मारात उतरले आणि एरिट्रियाच्या अध्यक्षांनी पायऱ्यांशीच त्यांना मिठी मारली. रस्त्यावर बायका नाचतायत, झेंडे, फुलं. लगेच बातमी आली, फोन सुरू होणार, विमानं सुरू होणार. मी काय केलं? आपण काय करतो? इंडियन स्टोअरमधून पेढे आणले आणि धापा टाकत तिच्या दारात उभी राहिले. “तोंड उघड,” म्हटलं, “आनंदाची बातमी!”

तिने तोंड उघडलं नाही. डोळे रडून लाल झालेले, पण ते आनंदाचं रडणं नव्हतं गं, आईशप्पथ. पेढा हातात धरून म्हणाली, “काकू, आता ते एकमेकांना डायरेक्ट फोन लावतील. पहिला प्रश्न लिंबांचा असेल. माझे बाबा वीस वर्षं त्या घराकडे तोंड करून बसलेत. मी काय करून ठेवलं?”

मी म्हटलं, “आधी तूच सांगून टाक.”

“पहिल्या फोनच्या आधी? लग्नाच्या दारात कुणी रडगाणं गातं का?”

पेढ्यांचा डबा तसाच घेऊन खाली आले. टीव्हीवर ते दोन मोठे लोक अजून हसत होते. त्यांनी काय उघडलं त्याचं आम्हाला कौतुक, पण काय काय उघडं पडणार हे त्या बाईलाच ठाऊक.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तिचा भाऊ लागतो कुणी लांबचा, त्याने कळवलं की अदिसहून अस्माराला फोन लागला, तुझी आई बोलतेय. ती सरळ माझ्या किचनमध्ये येऊन बसली. फोन ओट्यावर ठेवलेला. मी पोहे केले, तिने हात लावला नाही. तासभर झाला. मी उगाच डबे पुसत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दोघं बोलत होते आणि ही मधे नव्हती.

मग फोन वाजला. आई. इकडे मला ऐकू येत होतं इतक्या मोठ्याने ओरडत होती. ही नुसती “हो आई, हो आई” करतेय. ठेवते न ठेवते तोच वडिलांचा. तेही ओरडतायत. मला वाटलं, झालं, तुटलं सगळं. फोन ठेवून वळली तर बया हसतेय! डोळ्यांतून पाणी आणि हसतेय.

“काय गं, काय म्हणाले?”

“बाबांनी लिंबांचं विचारलं. आई म्हणाली, घरच नाही, लिंबं कुठली, याल तर ते घर दिसेल अशी आशा ठेवू नका. बाबा म्हणाले, डोळेच नाहीत, दिसायचंय कशाने? आणि काकू, मग म्हणे दोघं खूप वेळ हसत होते.”

“मग ओरडले का?”

“मला! आई म्हणाली तू आम्हाला मूर्ख बनवलंस. बाबा म्हणाले तेच. शाळेत असताना दोघं मिळून रागवायचे ना, तसं. काकू, वीस वर्षांत मला दोघांनी एकाच गोष्टीवरून कधी रागावलं नव्हतं.” मग तिने बशीभर गार पोहे संपवले.

काही आठवड्यांनी सीमेवरचा रस्ता उघडला आणि पुतण्याचा हात धरून म्हातारा अदिसला पोचला. ही म्हणाली, रजा साठवते, पुढच्या वर्षी जाईन. मी म्हटलं, “पुढचं वर्ष कुणी बघितलंय? आत्ता जा.” गेली. परत आली तेव्हा फोटो दाखवला. भाड्याच्या खोलीतल्या पलंगावर दोघं बसलेत. वडिलांचा चेहरा कॅमेऱ्याच्या जरा बाजूला वळलेला आणि आई हनुवटी धरून तो सरळ करतेय.

पुढे काही महिन्यांतच तो रस्ता पुन्हा बंद झाला. दोन देशांचं आजही धड नाही. पण म्हातारा परत गेलाच नव्हता, तिथेच राहिला बायकोपाशी. ही चार आठवडे तरी दोघांच्या मधे झोपून आली.

म्हणून म्हणते, मोठ्या माणसांच्या भेटीगाठींकडे मी आता लक्ष ठेवते. कुणाच्या तरी घरची वाट त्यावर अवलंबून असते. आपल्या वाटेवर तर कुणाचा पहाराही नाही, न्यू जर्सीहून टेक्सासला चार तासांचं विमान. ‘समरला बघू’ म्हणू नकोस. या महिन्यातच ये दोन दिवस. विमानतळावर मी स्वतः येते घ्यायला.