दोन परवाने, एक माणूस

ही हकीकत मी आजवर पुरती कोणाला सांगितलेली नाही. अर्धी सांगितली, तीही बहुतेक ज्यांना हसायचं होतं त्यांना. पुरती न सांगण्याचं कारण एवढंच की हा देवाचा अनुभव, की मी सरकारला दिलेला चकवा, हेच मला कित्येक दिवस ठरवता येत नव्हतं. खोटं मी बोलले नाही. पण खरंही बोलले नाही, गप्प राहिले. आणि गप्प राहणं हा माझा स्वभाव नव्हे, हे आमच्या चाळीत कोणीही सांगेल.

आम्ही नवरा-बायको पेडण्याकडचे, म्हणजे गोव्याचे. तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा होता. गिरगावात दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती आणि आमचे हे जवळच्याच छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. सकाळ-संध्याकाळ गॅलरीत तोच विषय, आणि छापखान्यात रात्रंदिवस चळवळीची पत्रकं निघत. 'मुंबई आमची' हे शब्द ह्यांनी किती वेळा जुळवले असतील देव जाणे, पण त्याच मुंबईत राहायला ह्यांना परवाना लागत होता. मोर्चाला जायची सोय नव्हती. पकडले गेले असते तर थेट सरहद्दीपलीकडे रवानगी झाली असती. शेजारी थट्टेने म्हणत, "या, परदेशी पाहुणे, चहा घ्या." आम्हीही हसायचो. पण हसून झालं की मी ट्रंकेतले ते दोन कागद जागेवर आहेत ना, ते एकदा बघून घ्यायची.

परवाना दर सहा महिन्यांनी नवा करावा लागे आणि ते मुंबईत बसून होत नसे. इतरांचे नियम काय होते मला ठाऊक नाही, तेव्हा नियम महिन्या-महिन्याला बदलत. पण आमच्या कागदावर लिहिलं होतं की परवानेधारकाने जातीने सरहद्द ओलांडावी, पलीकडच्या नाक्यावर शिक्का घ्यावा आणि परतताना अलीकडच्या नाक्यावर दुसरा घ्यावा. लोक म्हणतात, सरकारी काम आणि सहा महिने थांब. आमचं तेच काम सहा महिन्यांनी पुन्हा दारात उभं राही. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने वेंगुर्ला, तिथून एस.टी.ने बांदा, आणि पुढे चालत. चालणं तासाभराचं. दोघं मिळून जात होतो, भाकरी बांधून नेत होतो, त्यामुळे त्याचा कधी धाक वाटला नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात ह्यांच्या छातीत पाणी झालं. परळच्या एका हॉस्पिटलात ठेवलं, दोनदा पाणी काढलं, तरी ताप उतरेना. अंगात इतकी अशक्तता की उशीवरून मान उचलली तर धाप लागायची. मी नवस बोलले, उपास केले, आणि श्रावण सरला तसा देवाशी अबोला धरला. खोलीतल्या तसबिरीपुढे दिवा लावायचं सोडून दिलं. याच दिवसांत परवान्यांची मुदत संपत आली. डॉक्टर म्हणाले, हलवलंत तर वाटेतच जातील. फोर्टातल्या कचेरीत गेले तर तिथले साहेब म्हणाले, "माणूस जातीने गेला पाहिजे, बाई. मुदत संपली तर त्यांना हॉस्पिटलातून उचलून सरहद्दीवर नेऊन सोडावं लागेल. माझ्या हातात काही नाही." आणि सरहद्दीपलीकडे आमच्या गावात काय होतं? एक म्हातारा वैद्य. तिथे गेले असते तर हे आठ दिवस जगले नसते.

मी ठरवलं, आपण एकटीने जायचं, दोन्ही कागद न्यायचे, डॉक्टरांची चिठ्ठी न्यायची, आणि नाक्यावर भांडायचं. ह्यांच्यापाशी बसायला अनुसयाबाई आल्या. त्यांचे यजमान ह्यांच्याच छापखान्यात मशीनवर होते आणि घर हॉस्पिटलापासून पाच मिनिटांवर, गिरणीच्या चाळीत. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. म्हणाल्या, "वैनी, तुम्ही बिनघोर जावा. मी हाय. फक्त अंगारा लावायला, नवस फेडायला मला सांगू नका, बाकी काय पण सांगा." मी म्हटलं, "नवस माझ्याकडचेही संपले."

दसरा होऊन गेला होता. बुधवारी नाक्यावर पोचले तेव्हा बारा वाजायला आले होते. कारकून नवा होता, चष्मेवाला, अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेला. त्याने कागद पाहिले. "परवाने दोन आणि माणूस एक. दुसरे गृहस्थ कुठे?" मी चिठ्ठी पुढे केली. त्याने ती नीट वाचली, घडी घालून परत दिली. "डॉक्टरांनी लिहिलंय ते खरंच असणार, बाई. पण शिक्का मी माणूस बघून मारतो, चिठ्ठी बघून नाही. तुमचं तुम्ही करून या. त्यांचं काही होणार नाही." मी भांडायचं ठरवून आले होते, पण तो इतक्या सभ्यपणे बोलला की भांडण कुठून सुरू करावं ते सुचेना.

दोन नाक्यांच्या मधला रस्ता गाड्या बंद झाल्यापासून ओस पडला होता. डांबराला भेगा, भेगांतून गवत, आणि दोन्ही बाजूंना ते गवत माझ्या खांद्याएवढं. साधारण अर्ध्यावर एक सातवीण आहे. तिच्या बुंध्याशी एक उभा दगड, तो राखणदार. सरकारांनी आपली सरहद्द कुठे आखली ते मला कधी दिसलं नाही, पण गावाची जुनी शीम, म्हणजे शीव, तीच, आणि ती राखणारा तो. वाटसरूने तिथे विडा ठेवायचा, एवढीच रीत. सातवीण फुलली होती. तो वास संध्याकाळी सुटतो असं म्हणतात, पण त्या दिवशी भर दुपारी तो इतका दाटला होता की डोकं जड झालं. माझ्याकडे पान नव्हतं. मी फडक्यातली एक भाकरी काढून दगडापुढे ठेवली, खरं सांगायचं तर आदळली, आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं कसलं, भांडणच ते. कारकुनाशी राहिलेलं त्याच्याशी केलं. "बा राखणदारा, ह्ये शिमेचो धनी तू. माझो घोव थंय मुंबयत खाटयेर पडलो आसा. तेका येवक जमणा नाय. मिया सगळ्यांका सांगान दमलंय. आता तूच काय तां बघ." मग पदर खोचला आणि पुढे निघाले.

वीसेक पावलं गेले असेन. रातकिड्यांचा आवाज थांबला. मग मागे ठक असा एक आवाज झाला. चार पावलं, पुन्हा ठक. काठी डांबरावर टेकल्याचा आवाज. कोणी गुराखी असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते. आई सांगायची, राखणदार अडल्या माणसाला सोबत करतो, पण पुढून नाही, मागून चालतो. तेव्हा बोलायचं नाही आणि वळून बघायचं नाही. बघितलं तर तो तिथेच थांबतो. लहानपणी हे ऐकताना मी आईला विचारलं होतं, मग तो राखणदार कशावरून, चोर कशावरून नाही? असली मी. पण त्या दुपारी, सावली पायाशी गोळा झालेली असताना, त्या ओसाड रस्त्यावर माझी मान वळली नाही. भक्ती म्हणून नव्हे. भीतीने माझं अंग आखडलं होतं, आणि त्या भीतीच्या तळाशी एकच हिशेब होता, की मागे जो कोणी आहे तो थांबता कामा नये.

पलीकडच्या नाक्यावर एक पाखलो, म्हणजे गोरा शिपाई, उंबऱ्यावर पाय पसरून बसला होता. मी आले तसे त्याने पाय जवळ घेतले. मी आत गेले. पाय पसरण्याआधी तो आणखी थोडा वेळ तसाच थांबला, दुसरं कोणी जायचं असावं तसा. आतला कारकून आपल्याकडचा, कोकणी बोलणारा. त्याने माझा कागद घेतला, शिक्का मारला. मग ह्यांचा घेतला. त्यावरच्या फोटोकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "हो तुजो घोव?" त्याने विचारलं, हा तुझा नवरा का म्हणून. मी त्याच्या हातातल्या शिक्क्याकडे बघत राहिले. त्याला उत्तराची गरजही नसावी. "दुयेंत दिसता गे. सांवळेंत बसय ताका," म्हणाला, म्हणजे आजारी दिसतोय, सावलीत बसव त्याला. आणि त्याने दुसरा शिक्का मारला.

परत येताना सगळा वेळ मागे ठक-ठक चालू होती. आता ती जरा संथ झाली होती, दमलेल्या माणसाची असावी तशी. सातवीण आली, दगड आला. भाकरी होती की नव्हती ते पाहायला मी नजर वळवली नाही. मला वाटलं आवाज तिथे थांबेल, त्याची शीम तिथे संपते. तो थांबला नाही. तो माझ्याबरोबर थेट अलीकडच्या नाक्यापर्यंत आला, आणि तोच चष्मेवाला कारकून, ज्याने मला तासाभरापूर्वी नाही म्हटलं होतं, मान वर करून म्हणाला, "आले ना! मघाशीच सांगायचं, मागून येतायत म्हणून." मग माझ्या मागे बघून, "बसा हो काका, टेका जरा. ऊन फार आहे." माझ्या उजव्या हाताला, तीन हातांवर, बाकडं करकरलं. त्याने दोन्ही कागदांवर शिक्के मारले. मी ते उचलले आणि समोर बघत बाहेर पडले. एस.टी. येईपर्यंत काठीचा आवाज पुन्हा आला नाही. बोटीतही शेजारी कोण बसलंय ते मी पाहिलं नाही.

हॉस्पिटलात गेले ती आधी ह्यांच्या पायांकडे पाहिलं. कशाला, ते मला सांगता येणार नाही. ह्यांचे डोळे उघडे होते, ताप नव्हता. अनुसयाबाईंनी मला बाहेर नेलं. "वैनी, बुधवारी दहाला झोपले ते हलवून उठेनात. नर्स दोनदा नाडी बघून गेली. अंग गार, आणि तळपाय मात्र असे तापलेले की मी दोन वाजेस्तोवर ओलं फडकं ठेवत होते. मग उठले, पाणी मागितलं, आणि ताप गेला तो गेलाच." मी त्यांना रस्त्यावर घडलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात जोडले नाहीत. "आम्ही देव मानत नाही, वैनी. पण तापलेले पाय तापलेलेच. मी हात लावला होता," एवढंच म्हणाल्या.

हे हळूहळू बरे झाले, संक्रांतीला घरी आले. मी सांगितलेलं, तापलेल्या तळपायांसकट, ऐकून हसले. "तो कारकून सुपारीत काहीतरी घालून खात असेल," म्हणाले, आणि चाळभर माझी थट्टा केली. थट्टा मला चालत होती, पण एकीकडे मन खात होतं. कारकुनाच्या डोळ्यांदेखत मी खोटा माणूस खपवला, असं वाटे. दिवा पुन्हा लावायला लागले होते, पण तसबिरीकडे नीट बघायचा धीर होत नसे.

चैत्रात मुदत पुन्हा संपत आली आणि आम्ही दोघं निघालो. ह्यांनी दादरहून नव्या वहाणा घेतल्या होत्या. नाक्यावर तोच चष्मेवाला होता. आता हा खरा माणूस बघून म्हणणार, मग मागच्या खेपेला कोण होतं? त्याने ह्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडभर हसला. "या काका, या. तब्येत सुधारली हो! गेल्या खेपेला उभंसुद्धा राहवत नव्हतं तुम्हाला. आणि त्या उन्हात अनवाणी! मी घरी जाऊन मंडळींना सांगितलं, अशी माणसं आहेत अजून." हे काहीतरी थट्टेचं बोलणार होते, तोंड उघडलं होतं. पण त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

आम्ही सातविणीपर्यंत आलो. तिथे ते थांबले. आमच्याकडे राखणदाराला वहाणा वाहतात, रानोमाळ चालून त्याच्या झिजतात म्हणून. मी त्यांना काही सुचवलं नव्हतं. त्यांनी नव्या वहाणा काढल्या, दगडापुढे जोडीने ठेवल्या आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले. ह्यांना देवापुढे असं उभं राहिलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते. मग म्हणाले, "चल, तू पुढे हो."

मी पुढे झाले. चालताना मनातली ती जुनी टोचणी गेली होती. चकवा मी कोणाला दिला नव्हता. मला त्यातलं काही करताच आलं नसतं. चिठ्ठी, नवस, भांडण, सगळं संपलं तेव्हा माझ्याजवळ एवढंच उरलं होतं की पुढे बघत चालायचं, आणि मागे काय येतंय ते तपासायला जायचं नाही. शरण जाणं म्हणजे याहून मोठं काही असेल, तर ते मला अजून कळलेलं नाही. देवाने माझ्याकडून तेवढंच घेतलं, आणि तेही मी भीतीने दिलं, तरी त्याने नाकारलं नाही.

मागे पावलं वाजत होती. या वेळी मी वळून पाहिलं. चैत्राच्या उन्हात आमचे हे खडे चुकवत, तळपाय भाजतात म्हणून तोंड वाकडं करत, एकेक पाऊल टाकत येत होते. मी रस्त्यातच उभी राहिले आणि ते जवळ येईपर्यंत रडून घेतलं.