मॉनिटर नसलेला कॉम्प्युटर

गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर जुळवायला मी मुरबाडहून कल्याणला गेलो, तेव्हा ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि मॉनिटर सोडून दिला. दोन्ही बजेटात बसत नव्हती. दुकानदाराला वाटलं, मला वेड लागलंय. पण त्या कार्डाला टीव्ही जोडता यायचा, आणि टीव्ही घरात होताच.

होता, पण आईचा. तिची मालिका संपेपर्यंत मी चरफडत बसायचो. मग वायर जोडून गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावायचो. टीव्हीवर अक्षरं इतकी पुसट दिसायची की स्वतःचा स्पीडही वाचता यायचा नाही. आई मात्र उठायची नाही. मागे बिरड्याचे वाल सोलत बसायची आणि माळशेज घाटात एसटीच्या पुढच्या सीटवर बसल्यासारखी ओरडायची, "हळू रे! पुढं वळण हाय, दिसत नाय का?"

असा राग यायचा! तुझ्या ओरडण्यानंच गाडी आपटते, असं मी तिला सुनावायचो.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. परवा माझी लेक नव्या कॉम्प्युटरचे पार्ट निवडत होती. तिचंही बजेट पुरेना.

"बाबा, यातलं काय कमी करू?"

"मॉनिटर," मी म्हणालो.