भिंतीपलीकडचे काका

सकाळी सहा ते सात मी जागची हलत नसे. दहा दिवसांच्या ध्यानशिबिरातून आले तेव्हापासूनचा तो नियम. अधिष्ठान म्हणतात त्याला: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हातपाय हलवायचे नाहीत, नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. शेवटची दहा मिनिटं मैत्रीभावनेची. आधी स्वतःसाठी, मग घरच्यांसाठी, शेवटी ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी. त्या शेवटच्या जागेला मला माणूस शोधावा लागला नाही. एका भिंतीपलीकडे रेल्वेतून निवृत्त झालेले काका राहत होते.

कुकरची शिट्टी झाली की ते काठीने भिंत ठोकायचे. मिक्सर लावला की ठोकायचे. मी मात्र वर्षभर रोज त्यांचं भलं चिंतत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात दयेपेक्षा तोराच जास्त होता.

मागच्या थंडीत काकू मुलीकडे मनमाडला गेल्या होत्या. आमचे हे पहिल्या पाळीला गेले आणि मी आसनावर बसले. थोड्याच वेळात ठोकणं सुरू झालं. माझ्या घरात कसलाही आवाज नव्हता. हे माझ्या लक्षात आलं होतं, ते आता लपवत नाही. ठोके नेहमीसारखे जोरात नव्हते, आणि येत होते खालून, फरशीजवळून. पण आवाज येतो, जातो, आपण नुसतं बघायचं, असं शिकले होते. मी बघत राहिले. जित्याची खोड, असंही मनात येऊन गेलं. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. मग ते थांबले, आणि मला बरं वाटलं. त्या दिवशी काकांसाठी मी दहा मिनिटं जास्त बसले. सुखी होवोत, निर्भय होवोत.

आठ वाजता त्यांच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. हाका मारल्या, बेल वाजवली. शेवटी कॉलनीतल्या दोघांना बोलावून दार तोडायला लावलं. काका भिंतीशी आडवे पडले होते. डोळे उघडे होते.

"फार उशीर झाला," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "शेजारी कुणाला काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

काका वाचले. वाचा गेली, उजवी बाजू गेली. आता सहा वाजता मी पलीकडे जाते. काकूंना अंघोळ उरकता यावी म्हणून काकांना पेज भरवायला बसते. काकूंच्या हातून ते वाटीभर खातात. माझा चमचा जवळ आला की ओठ घट्ट मिटतात आणि माझ्याकडे बघत राहतात.

"तुम्ही दार तोडाय लावलं म्हणून माझं माणूस वाचलं, ताई," काकू आल्यागेल्यासमोर सांगतात. "तुमच्या हातून खात नाय ते, लाजत्यात. दुसरं काय नाय."

मी हो म्हणते, आणि चमचा पुन्हा पुढे करते.